किनाऱ्यापासूनचं अंतर

प्रकाशाच्या मच्छीमार सोसायटीत
फॉर्म आलाय, सात पानी.
पुष्कळ देशांनी एका टेबलाशी बसून
समुद्राची काळजी वाटून घेतली म्हणे,
तिचा एक वाटा तालुक्यामार्गे आमच्याकडे.

रकाना चौथा : किनाऱ्यापासूनचं अंतर.
मी सेक्रेटरी,
पेनाचं टोपण चावत बसलोय.

झुलाल भोई जाळ्यातनं निळ्या पिशव्या सोडवतो.
रावेरकडच्या केळीच्या घडांचे झगे,
पुरासोबत आलेले.
एकेक पिळतो, दगडाखाली दाबून ठेवतो,
वाऱ्यानं परत पाण्यात जाऊ नये म्हणून.
ढीग गुडघ्यापर्यंत आलाय.

"अंतर वामले इचार," म्हणतो.

त्याच्या बापाच्या दंडाएवढी वाम
खोल खाऱ्या पाण्यात जन्मून इथवर यायची.
कुणाकुणाच्या हद्दीतनं आली,
तिला कुणी कागद मागितला नाही.
वय झालं की अंडी घालायला
तापीच्या पुरात परत खाली, एकदाच.
मग उकाईची भिंत झाली.

"आते वाम दखात नही."

मी लिहितो : अंदाजे अडीचशे किलोमीटर.
खोडतो.
लिहितो : पाणी सोडलं तर चार दिवस.
तेही रकान्यात मावत नाही.

झुलाल ओले हात लुंगीला पुसतो,
अंगठा शाईच्या पॅडवर दाबतो, आणि थांबतो.
"इतला देश बठनात,
त्या दरवाजानी किल्ली कोनाजोडे शे?"

कागद माझ्या हातात.
निळा अंगठा
अजून हवेतच.