जागेवर

वेसानं ताम्पेरेहून मोटर आणली आहे.
बटण दाबलं की होडी जिथल्या तिथं उभी राहते म्हणे,
वारा कुठूनही येवो.
उपग्रह धरून ठेवतात तिला.
मी विचारलं, किती लांबून?
तो हसला, मग मोजून म्हणाला,
वीस हजार किलोमीटर.

धक्क्यावर सगळं मांडून ठेवलंय.
मोटर, तिची गोणीएवढी जड बॅटरी.
सासऱ्यांचा दगड, मधोमध भोक पाडलेला;
दोर तीनदा बदलला, दगड तोच.
कापडाची पिशवी, पाण्यात सोडली की फुगते,
होडीला थांबवत नाही,
नुसती घाई करू देत नाही.
वल्ही होडीतच असतात.
त्यांना कोण मोजतं.

आउलिस खुर्चीत. उजवा हात मांडीवर,
दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतल्यासारखा.
फेब्रुवारीपासून.

खडक किनाऱ्यापासून चारशे वल्ह्यांवर.
त्याच्या माथ्यावर चार मीटर पाणी, पलीकडे एकदम चौदा.
पर्च त्या कडेलाच असतात,
उंबरठ्यावर बसून राहणाऱ्या बायकांसारखे,
ना आत ना बाहेर.
होडी दोन हात सरकली
की आपण आणि ते, वेगवेगळ्या गावचे.

दगडाचं असं, की दोर तिप्पट सोडावा लागतो.
चार मीटरला बारा.
मग होडी खुंट्याच्या गायीसारखी
सगळं कुरण हिंडून येते.
मोटर हिंडू देत नाही. पण ती कण्हते,
पाण्याखाली, सारखी, दाढ दुखत असल्यासारखी.
माशांना ऐकू येतं की नाही ठाऊक नाही.
मला येतं.

एकेचाळीस उन्हाळे मी या खडकावर मासे धरले.
गळ माझा, बादली माझी, गावात नाव माझं.
आउलिस समोर बसायचा, वल्ही पाण्यात, गप्प.
मासेमारीचं त्याला वेड नव्हतं,
असं मी लोकांना सांगायचे.
कितीदा तरी मीच म्हटलं असेल,
आज वारा नाही, बघ कशी उभी आहे होडी.
तो म्हणायचा, हं.

या जूनमध्ये वल्ही पहिल्यांदा माझ्या हातात आली,
गळ त्याच्या डाव्या हातात.
वारा रोजच असतो.
डावं अर्धं. उजवं पाव. थांब.
उजवं पाव. परत डावं.
एवढंसं, मनगटापुरतं, की गळ धरणाऱ्याला कळूही नये.
वीस मिनिटांत अंगठ्याच्या मुळाशी फोड आला,
बरोबर तिथं,
जिथं त्याच्या हाताला घट्टा आहे.
तो घट्टा मी चर्चमध्ये, सिनेमात, दवाखान्यात
हातात धरून बसले आहे.
कशाचा, ते विचारलं नाही कधी.

आज वायव्येचा वारा, लाटांना पांढरं येऊ लागलंय.
माझे खांदे सत्तरीचे.
म्हणून असं ठरवलं:
दगड घ्यायचा, पण दोर आखूड,
रुतण्याइतका नाही, नुसता घासत राहील इतका.
नांगर तो नांगरच,
रोवला नाही तर नांगरत जाईल,
तळाच्या गाळात एक वाकडं तास.
उरलेलं वल्ह्यांनी.
मोटरही घेतली, न जोडता, आउलिसच्या पायाशी.
वेसाचा रात्री फोन येईल,
तेव्हा खोटं बोलायला नको.

दहा वाजलेत, ऊन अजून पाण्यावर.
डबा न उघडताच परत आणू बहुतेक,
राईचा पाव, खारवलेली काकडी.
आउलिसची दोरी कडेवर सरळ उभी.
तो पाण्याकडे बघतो, मग माझ्या मनगटांकडे, बराच वेळ.
हल्ली त्याचे शब्द एकेक करून येतात,
जिन्यावरून उतरल्यासारखे, कठडा धरून.
वारा, म्हणतो.
मी थांबते.
वारा... नाही... आज.
तोंडाची एकच बाजू हसते.

हं, मी म्हणते.
उजवं पाव.