सातवा झेंडा

उणे एकोणीस. होकायंत्राची सुई
झोपमोड झाल्यासारखी वळते.
आउनेचा अंगठा नकाशातल्या दलदलीवर –
उन्हाळ्यात इथे रेनडिअरही फिरकत नाही;
आज ती निघाली सरळ तुडवत.

बर्फात ताजी पावलं. पुढे ओइवाच असणार,
डावा पाय ओढतो तो.
दातओठ खात तिने वेग वाढवला.
टेकाडाच्या वळणावर, त्याच पावलांशेजारी,
तिचाच राखाडी हातमोजा.

म्हणजे डावा पाय –
कधीपासून?

फांदीवरचा बर्फ मानेत कोसळला.
सातवा झेंडा खडकाआड, नारिंगी;
मघाशीही असेल तिथेच.

तंबूत बेरीच्या गरम रसावर फुंकर घालत ओइवा म्हणाला,
"हरवली होतीस कुठे?"
"तुझ्या मागावर होते,"
ती म्हणाली,
आणि डावा बूट सगळ्यात शेवटी काढला.