तळ्यात, मळ्यात

प्रयोगशाळेला टाळं. आत मतदानयंत्रांच्या पेट्या.
म्हणून सातवी ब घेऊन मी बाहेर,
घणसोलीच्या शाळेमागच्या सिमेंटच्या पट्टीवर,
जिथून खाडी दिसत नाही,
पण भरती की ओहोटी ते पोरं वासावरून सांगतात.

खडूनं एक रेघ ओढली.
इकडे तळं, तिकडे मळा.
तळ्यात श्रद्धा, मळ्यात विज्ञान.
मी वाक्य म्हणणार, तुम्ही उडी मारायची,
चुकला तो बाद.
चूक कुणी ठरवायची
ते मी ठरवलं नव्हतं.

"लोखंड तापलं की प्रसरण पावतं."
धपाधप अडतीस जण मळ्यात.
"गावदेवी वेशीची राखण करते."
धपाधप तळ्यात.
सोपंच होतं. मी खूश.
प्रशिक्षणाचा फॉर्म मनातल्या मनात भरूनही टाकला:
कृतियुक्त अध्यापन. उद्दिष्ट साध्य.

"पुनवेला उधाण येतं."
हर्षाली तांडेल एक पाय इकडे, एक पाय तिकडे,
कंपास उघडावा तशी.
बाद, बाद, पोरं ओरडली.
"का म्हणून बाद? आजा पुनवेला नारळ सोडतो.
आन होडी काढायच्या आधी
भिंतीवरच्या कॅलेंडरात भरतीची वेळ पण बघतो.
यातलं एक जरी विसरला
तरी आजी त्याला जेवू देत नाय."

"चंद्रकोर कधी दिसेल याचं गणित मांडता येतं."
ओवेस मळ्यात गेला, आणि तिथंच
मान वर करून उभा राहिला, भर दुपारी.
"अब्बूंच्या मोबाइलवर वेळ आधीच येते, बाई.
तरी आम्ही सगळे गच्चीवर जातो.
न बघता आली
तर ईद आल्यासारखी वाटत नाही."

सुगत हललाच नव्हता.
"आमच्यात देव नसतो, बाई. धम्म असतो.
आणि तो सांगतो, आधी तपासून बघा.
मी कुठे उडी मारू?"
मी खडू शोधायला लागले.
खडू बोटांतच होता.

बाद झालेल्यांची रांग भिंतीला लागली.
खरा वर्ग तिकडेच भरला होता.
खेळात उरलेले चौघे
कंटाळून एकमेकांच्या टाचा तुडवत होते.

तेवढ्यात रेवण म्हणाला, मी सांगू एक वाक्य?
जूनपासून त्यानं हजेरीशिवाय काही म्हटलं नव्हतं.
"कंपनीत टाकी फुटली त्या दिवशी
पप्पांनी दुसऱ्याची पाळी घेतली होती."

कुणी उडी मारली नाही.
ठाणे-बेलापूर रोडवरून एक टँकर गेला,
त्याचा आवाज संपेपर्यंत आम्ही तो ऐकला.
टाकी का फुटते ते मला फळ्यावर मांडता येतं,
दाब, तापमान, बाण काढून.
त्याच्या घरी तेराव्याला गुरुजींनी
काहीतरी सांगितलं असेलच.
तो वाट बघत होता, आमच्यापैकी कुणी
कुठल्या बाजूला तरी जाईल म्हणून.
मग स्वतःच रेघेवर बसला, मांडी घालून.

हर्षाली त्याच्या शेजारी बसली.
रेघेवर दोघं मावेनात, तशी मला म्हणाली,
"बाई, तुमचं चित्रच चुकलंय.
तळं आन मळा म्हटला की मध्ये बांध लागतो.
नायतर खारं पाणी भातात शिरंल.
आमच्या खारीला होता, हा एवढा रुंद,
सिडकोनं जमीन घेतली तोवर.
आजा त्याच्यावर बसून भाकर खायचा."

मी खडू तिच्या हातात दिला.
तिनं माझ्या रेघेपासून हातभर अंतरावर
दुसरी रेघ ओढली, वाकडीतिकडी, वरवंट्यासारखी फुगलेली,
आणि मध्ये सगळे दाटीवाटीनं बसले,
ओवेस, सुगत, बाद झालेले, कंटाळलेले चौघेही.
जागा पुरेना. कुणाची तरी चप्पल तळ्यात गेली.

घंटा झाली तरी उठले नाहीत.
मग एकाला माझी आठवण झाली.
"बाई, आता तुमच्यावर राज्य.
तुम्ही श्रावणात सोमवार धरता,
आणि आम्हाला पचनसंस्था शिकवता.
सांगा, तळ्यात का मळ्यात?"

मी पदर खोचला.
आणि पहिल्याच फेरीत बाद झाले.