नवा रकाना

मुख्य कार्यालयाचा फॉर्म बदललाय.
एकोणतिसावा रकाना नवा:
तारण मालमत्तेस पाण्याचा धोका –
कमी, मध्यम, जास्त. एकावर खूण करा.

त्यासाठी कुडाळच्या हॉटेलात दोन दिवस प्रशिक्षण झालं.
एसी अठरावर. आम्ही सगळे शाखाधिकारी हात चोळत
वाढत्या उष्म्याचे आकडे उतरवून घेत होतो.
पुण्याच्या बाईंनी पडद्यावर किनारा मांडला
आणि त्यावर निळं सोडलं, वर्षागणिक थोडं थोडं.
जेटी गेली. सुरूचं बन गेलं.
अकरा होमस्टे गेले, अकराही आमच्याच कर्जातले.
मागून कुणीतरी विचारलं, जेवण किती वाजता?

आचऱ्याला, खाडीच्या तोंडाशी,
दमयंती कोयंडे यांचा बर्फाचा कारखाना.
मागणी: छपरावर सौर पॅनेल, साडेअकरा लाख.
हरित कर्ज, व्याजात पाव टक्का सूट,
माझ्या तिमाहीच्या उद्दिष्टातलं पहिलं आणि एकुलतं.
कागद स्वच्छ होते. टेप काढला तो शिरस्ता म्हणून.

'टेप ऱ्हवांदे, आधी ह्यां बघा.'
अमोनियाच्या वासात, कॉम्प्रेसरच्या मागे,
भिंतीवर डांबराच्या रेघा, सासऱ्यांच्या हातच्या.
फयान घोट्याला. क्यार गुडघ्याला.
कमरेची तौक्तेची, ती बाईंनी स्वतः ओढलेली, वाकडी.
'हात थरथरत होतो माझो.'
मग माझ्याकडे न बघता:
'पॅनेल छपरार बसतलां ओ सायेब. मशीन खंय बसतलां?'

त्यांना हवा होता चार फुटी चौथरा.
योजनेत चौथरा नाही.
योजनेत ऊन आहे, वारा आहे, शेणसुद्धा आहे.

विभागाला फोन लावला.
'जास्त' लिहिलं तर कर्ज अडतं,
'कमी' लिहिलं तर चौथरा कशाला, विचारतात.
'मध्यम लिहा हो, सगळे मध्यमच लिहितात.'

इन्व्हर्टर खालीच बसणार होता, त्यावरून सुचलं.
मी लिहिलं: सौर संयंत्राचा पाया,
आरसीसी, उंची चार फूट, लांबी मशीनएवढी.
खोटं नव्हतं.
पुरतं खरंही म्हणवत नाही.

रकान्यात मात्र खूण केली नाही.
कडेच्या कोऱ्या जागेत पेनाने लिहिलं:
जमिनीपासून तीन फूट दोन इंच, भिंतीवर पाहावे.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून
तोच टेप घेऊन तिजोरीच्या खोलीत गेलो.
शिपाई बुधाजीने दुसरं टोक फरशीला धरलं.
तीन फूट दोन इंच म्हणजे
खालचे चार खण. सोनेतारण.
पाटल्या, नथी, कुणाचं डोरलं,
एका पाकिटावर कोयंडे, द. वि.

बुधाजी टेप गुंडाळत उभा राहिला.
'रेघ मारू काय? खडू आसा.'
मी म्हटलं, डांबर आण.