निअलच्या घरची लाइन

आमच्या बेटावर ब्रॉडबँड येतं
म्हणजे तांब्याच्या तारेतून झिरपतं.
दलदल ओलांडून, मेंढ्यांच्या कुंपणाला खेटून,
कलंडलेले जुने खांब धरत धरत
घरापर्यंत पोचेस्तोवर
त्याला धाप लागलेली असते.

इशबेल नर्सला दाखवायचं होतं
डोलिनाबाईंचं हृदय, धडधडताना,
समुद्रापलीकडच्या डॉक्टरला.
एका लाइनीवरून ते जायचं फोटोसारखं.
एक ठोका. मग थांबलेला.
डॉक्टर म्हणायचे, "हललं का? मला दिसलं नाही."
डोलिनाबाई म्हणायच्या, "मला तर जाणवलं."

मी एकतीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनखोलीत काढली.
मला एवढंच ठाऊक, की एक दोर पुरत नसेल
तर आणखी पदर घेऊन वळायचे.
सभागृहामागच्या कोळशाच्या खोलीत
एक जुना सर्व्हर मांडला, खाली मासळीचा क्रेट,
आणि घराघरांतून लाइन मागत फिरलो.
ज्याने दिली त्याच्या धुराड्यावर
ताटलीएवढी अँटेना, तोंड सभागृहाकडे.

मर्डोने दिली, पण मॅच असली की अर्धीच.
शाळेने दिली. शाळेत मुलं सहा.
पाद्रीबुवांनी दिली, रविवार सोडून.
माझी होतीच.
पाचवी निअल मक्फीच्या घरची.

निअलला जाऊन दोन हिवाळे झाले.
मुलगा अलास्तर अबर्डीनला, तेलाच्या कंपनीत.
बिल त्याच्या खात्यातून आपोआप कापलं जातं.
लाइन बंद करायला त्याला सवड नाही,
किंवा हात होत नाही.
त्याला फोन केला, म्हणाला, वापरा.
किल्ली उंबऱ्याशेजारच्या दगडाखाली.
आत खुंटीवर ताडपत्रीचा कोट,
सिंकमध्ये एक कप,
आणि कपाटावर मोडेम, हिरवा डोळा उघडा ठेवून.

सर्व्हर चित्राचे तुकडे करतो,
मुठीमुठीने पाचही वाटांवर सोडतो,
प्रत्येकाच्या पाठीवर नंबर.
पलीकडे दाराशी दुसरं यंत्र बसलेलं:
सात आला, नऊ आला, आठ कुठाय?
आठ मर्डोच्या लाइनीत, तिथे पेनल्टी किक चाललीय.
थांबतात सगळे आठसाठी.
पाचामुखी परमेश्वर म्हणतात ते ठीक,
पण एक तोंड सावकाश बोलणारं असेल
तर परमेश्वरही ताटकळतो.

न अडखळणारी एकच, निअलची.
तक्त्यावर सरळ रेघ, रात्रंदिवस.
त्या घरात कुणी काही बघत नाही,
कुणी हवामान विचारत नाही,
कुणाला कुणाचं काही येत नाही.
जिवंतपणी निअल
शिडीसुद्धा उसनी देत नसे.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
डोलिनाबाईंचं हृदय सलग बारा मिनिटं गेलं.
झडप उघडताना, मिटताना,
मिटताना जरा चुकत होती, तेही.
डॉक्टर गप्प बघत राहिले. मग म्हणाले,
"हं. आता कळलं."
कळलं ते फार चांगलं नव्हतं.

बाईंनी स्वेटरची बटणं लावली, वरून खाली, न चुकता.
मला विचारलं, "निअलच्या घरावरून गेले का मी?"
इशबेलला प्रश्न समजला नाही.
मला समजला. चाळीस वर्षं
त्या दारावरून जाताना त्या रस्ता ओलांडायच्या.
म्हटलं, "पाचातले दोन वाटे तरी."
"मग हाकललं नाही म्हणायचं त्याने,"
बाई म्हणाल्या, आणि काठी शोधू लागल्या.

परवा अलास्तरचा फोन आला.
घराला गिऱ्हाईक मिळालंय, ग्लासगोचं जोडपं.
मार्चअखेर लाइन तोडणार.
मी म्हणालो, बरं.
थोडा वेळ तो काहीच बोलला नाही.
मग विचारलं, "आत सगळं ठीक आहे ना?"
मी म्हणालो, दिवा लागतो.
कुठला ते त्याने विचारलं नाही.

आता चारच पदर.
पाद्रीबुवांकडे रविवारचं
पुन्हा एकदा बोलून बघणार आहे.