पासपोर्ट साइज

गयाबाई खुडे मला 'फोटो' म्हणते.
"ए फोटो, आली का? धर ही गोणी."
कॅमेरा पाठीवर ढकलून मी धरते.
गोणीत ओल्या पुठ्ठ्याचं वजन असतं
आणि काल कुणाच्या तरी झालेल्या वाढदिवसाचं.

ताडीवाला रोडवरून आम्ही साडेसहाला निघतो.
बंडगार्डन रस्ता ओलांडला की झाडं सुरू होतात,
इथली सावलीसुद्धा झाडून काढलेली.
सोसायटीचं नाव इटालियन, वॉचमन बीडचा.
मला म्हणाला, मॅडम, सही करा, या.
तिला म्हणाला, मागून.
सात वर्षं तो मागून म्हणतोय
आणि सात वर्षं ती त्याच्या मुलीच्या शाळेची चौकशी करतेय.
मी त्या दिवशी पुढच्या लिफ्टचा फोटो काढला.
आत आरसा होता. फोटोत मीच आले.

हात पहिल्यांदा मार्चमध्ये टिपले.
तिरपं ऊन, बाटलीची हिरवी काच,
अंगठ्याच्या भेगांत मुरलेलं काळं.
धायरीला घरी येऊन रात्रभर
स्क्रीनवर ते मोठे करत बसले.
आईने विचारलं, कुणाचे गं?
मी म्हटलं, प्रोजेक्टचे.

घोले रोडच्या कलादालनात ते लागले,
पाच फूट बाय साडेतीन.
खाली कार्ड : 'शीर्षकहीन, चार'.
एक गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवून
नाक टेकेल इतके जवळ गेले,
म्हणाले, वा! रेघ न् रेघ वाचता येते.

रेशनच्या मशीनला येत नाही.
त्याच आठवड्यात मी तिच्याबरोबर रांगेत होते.
उजवा अंगठा. नाही.
पदराला पुसून. नाही.
डावा, जरासं तेल लावून.
दुकानदार वाईट नव्हता,
त्याने करंगळीसुद्धा लावून पाहिली,
मग म्हणाला, मावशी, ठसे झिजलेत तुमचे,
अर्ज करा, दोन फोटो जोडा,
आणि मागच्या बाईने पिशवी पुढे केली.

बाहेर पायरीवर बसून ती हातांकडे बघत राहिली,
उसनं दिलेलं भांडं पोचा पडून परत यावं
तसं, उलटंसुलटं करून.
"एवढे फोटू काढती माझे," म्हणाली,
"एक धड नाय निघाला व्हय,
कागदाला लावाय?"

रविवारी काढला.
सुनेने पत्र्याच्या दारावर पांढरी चादर ताणली,
चादरीच्या कोपऱ्यात कुठल्याशा हॉस्पिटलचं नाव होतं,
ते खांद्याआड घेतलं.
जांभळं लुगडं, केसांना पाणी, टिकली जरा मोठीच.
मी सवयीने म्हणाले, हात असे पुढे...
"हात कशाला? तोंड घे की."

तोंड.
चौदा महिने मी ते चौकटीबाहेर ठेवलं होतं.
त्यांची ओळख जपायला हवी,
असं मी एका मुलाखतीत सांगितलंही होतं.

हलू नका, म्हटलं.
ती श्वासही घेईना.
शेजारी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.
डोळे सरळ माझ्यात.
मीच हलले. पहिला पुसट आला.
दुसरा बरा.

आठ प्रती, चाळीस रुपये.
नको नको म्हणताना तिने चार नोटा
लेन्सच्या पिशवीत कोंबल्या.
हातांना एकाने अठरा हजार देऊ केलेत.
मी अजून हो म्हटलेलं नाही.
नाहीही म्हटलेलं नाही.

सोमवारी पुन्हा बोलावलंय, अंगठा अजून लागत नाही.
दोन फोटो अर्जाला गेले,
एक सुनेच्या मोबाइलच्या कव्हरात, मागे.
बाकीचे पाच? मी विचारलं.
गोणीचं तोंड बांधता बांधता म्हणाली,
"आसूं दे घरात.
म्हातारं मानूस. लागत्यात."