खांब क्रमांक चौदा

मे महिना, साडेबाराचं ऊन.
खापरी स्टेशनातून ऑफिसपर्यंत
ओढणीत डोळे तेवढे उघडे ठेवून चालते मी,
आणि खुर्चीत टेकल्याबरोबर जानेवारीतली एक तक्रार निकाली काढते :
बर्फ सारणाऱ्या गाडीनं टपालपेटी पाडली.
भरपाई मंजूर, बेचाळीस युरो.

पेतायालांपी. लोकसंख्या अकराशे सहा.
काल सात होती.
आउलिस हेइक्किला गेले,
कुत्र्याचा परवाना आता कोणाच्या नावावर, ते अजून ठरायचंय.

मी तिथं कधी गेले नाही.
पण कोणाच्या विहिरीच्या पाण्यात लोह जास्त,
कोणाच्या नावेला तळ्याकाठी जागा मिळाली नाही,
शाळेत उरलेल्या सात पोरांपैकी कोणाला गहू चालत नाही,
हे मला आमच्या गल्लीपेक्षा जास्त ठाऊक.
निकोसे म्हणतो,
"तू तिथं उभीच राह्य ना वं, निवडून येशीन."

भाषा कंपनीनं शिकवली, आठ महिने.
विभक्त्या पंधरा.
अर्धी बॅच पळाली. मी टिकले,
कारण शब्दाला शेपटी लावत जाणं हे तर घरचंच :
घरी, घरातून, घरापर्यंतचं, घरच्यांनासुद्धा.
एकच शेपटी आपल्याकडे नव्हती.
नसण्याची.
क्युला म्हणजे गाव.
क्युलॅत्ता म्हणजे गावावाचून.
एवढ्याशा शब्दात.
वहीत दोनदा लिहिला. परीक्षेत आला नाही.

बाबांच्या जन्मदाखल्यावर जी ग्रामपंचायत आहे
तिच्या शिवारात आता आमचं पार्किंग आहे.
विहीर कुठं होती, ते बाबा दाखवतात
दोन गाड्यांच्या मधल्या पिवळ्या पट्टीकडे बोट करून.
मागं दाखल्याची नक्कल काढायला सेतूत गेले,
तर पोरगं माउस फिरवत म्हणालं,
"काकाजी, हे गाव यादीत येऊनच नाही राह्यलं."
बाबा काउंटरवर वाकून,
"वर जाय. मंग खाली जाय. तिथंच अशीन."
तासभर उभे होते म्हणे.

तुओवी कार्प्पिनेन, वय ब्याऐंशी,
दर मंगळवारी लिहितात :
वळणावरचा खांब क्रमांक चौदा, दिवा लागत नाही.
दर मंगळवारी मी तयार मजकूर चिकटवते :
नोंद घेतली आहे.
एकदा त्यांनी विचारलं,
तुम्ही दुकानाच्या अलीकडे राहता की पलीकडे?
तरोणे सर म्हणाले, असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नाही.
मी लिहिलं, पलीकडे.
किती, ते लिहिलं नाही.

सप्टेंबरात मतदान झालं. नऊ विरुद्ध आठ.
एक जानेवारीपासून पेतायालांपी शेजारच्या मोठ्या नगरात विलीन.
कारणं नीट मांडली होती :
माणसं कमी, त्यातली म्हातारी जास्त, रस्ते तेवढेच.
बर्फही तेवढाच,
पण हे माझं. इतिवृत्तात नव्हतं.

तिकडचे बारा म्हणजे आपले साडेतीन.
एकतीस डिसेंबरची रात्र मला लागली,
जुना कोड काढून नवा टाकायला.
कुठल्यातरी लॉनवर डीजे अजून चालू,
वॉचमन शेकोटीत पुठ्ठे घालत होता.
तुओवीबाईंचं शेवटचं पत्र उघडंच होतं :
दिवा आता राहू द्या. वळण मला पाठ झालंय.

तीन वाजून वीस मिनिटांनी
जुन्या कोडवरच मी काम काढलं. तातडीचं.
खांब चौदा, माणूस पाठवा.

आठवड्यानं नव्या नगराचं उत्तर आलं :
असा खांब आमच्या यादीत नाही.

तयार मजकुरात यावर काही नव्हतं.
विभक्त्या चुकल्या असतील, पण माझ्या हातानं लिहिलं,
वर जा.
मग खाली जा.
तिथंच असेल.